नापास होण्याचं खापर

बी.एड.ची नवी तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिते, ‘मूल शाळेत मागे का पडतं?’, आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी देते. नाव लिहायचं नाही, पाच मिनिटांत उत्तर लिहायचं. मग चिठ्ठ्या गोळा करून मोठ्यानं वाचते. नागपुरातल्या अध्यापक महाविद्यालयात बरीच वर्षं हे करत आले आहे. दरवर्षी अक्षर बदलतं, उत्तरं मात्र जवळपास तीच. घरचं वातावरण बरोबर नाही. आईबाप शिकलेले नाहीत. बाप पितो. पालकांचं लक्ष नाही. मुलालाच आवड नाही. मोबाइल. पाया कच्चा. आणि दोन-चार चिठ्ठ्यांवर, जरा बिचकत लिहिलेलं, ‘काही मुलांची बुद्धीच तेवढी असते.’

त्या ढिगात ‘शाळा’ हा शब्द शोधावा लागतो. सापडला तर ‘शाळेत सुविधा नसतात’ एवढ्यापुरता. ‘शिकवलेलं त्याला समजलं नसेल’ हे क्वचित. ‘शिक्षकानं चुकीच्या पद्धतीनं शिकवलं असेल’ असं एखाद्या चिठ्ठीवर वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

माझ्यासमोर बसलेली ही पोरं कठोर मनाची नाहीत. कुणी रामटेकहून येतं, कुणी उमरेडहून, कुणी काटोलहून, सकाळची एसटी पकडून. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाच्या आईनं चार घरची धुणीभांडी करून फी भरली आहे. शिक्षक होणं या गोष्टीला त्यांच्या घरात अजून मोठं वजन आहे. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेली कारणंही खोटी नाहीत. गरिबी खरी आहे, दारू खरी आहे, घरात अभ्यासाला कोपरा नाही हेही खरं आहे. पण कारण खरं असणं आणि ते शिक्षकाच्या कामाचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात उभ्या असलेल्या माणसाला ज्या कारणाला हातच लावता येत नाही, तेच कारण त्यानं मनाशी पक्कं धरलं, की त्याच्या हातातलं काम थांबतं. उद्याचे शिक्षक वर्गात पाऊल ठेवायच्या आधीच हे कारण बरोबर घेऊन निघतात, आणि आम्ही त्यांना शिकवणारे ते उतरवून ठेवत नाही. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, पण ते नीट सांगायला थोडी जागा लागेल.

त्याच दिवशी दुपारी मी दुसरी चिठ्ठी देते. ‘तुम्ही स्वतः एखाद्या परीक्षेत कमी पडलात, तेव्हा काय झालं होतं?’ ज्यांनी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देऊन पाहिलेली असते ते तिच्याबद्दल लिहितात, कारण त्या परीक्षेत फार थोडे उमेदवार पास होतात. पेपर फार लांब होता. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते. केंद्र दूर मिळालं. आदल्या दिवशी ताप होता. उत्तरसूचीत घोळ होता. क्लास लावायला पैसे नव्हते. इथे ‘माझी बुद्धीच तेवढी’ असं कुणी लिहीत नाही. ‘मला आवड नव्हती’ असंही नाही. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की वर्ग शांत होतो. दुसऱ्याच्या अपयशाचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि आपल्या अपयशाचं परिस्थितीत. माणसाची ही खोड जुनी आहे. तिच्या पहिल्या भागाला, दुसऱ्याच्या बाबतीत सगळं स्वभावात शोधण्याला, ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली नाव दिलं आणि तेव्हापासून ती मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. आमची मुलं ती व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी सराव पाठाला गेल्यावर मागच्या बाकावरच्या पोराबद्दल म्हणतात, ‘त्याला इंटरेस्टच नाही.’

हीच गोष्ट अलीकडे फार मोठ्या प्रमाणावर दिसली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सेवेची पाचहून अधिक वर्षं उरलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. शिक्षक संघटनांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की वीस-वीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाची पात्रता एका दिवसाच्या एका पेपरवरून कशी ठरवता? मला हा मुद्दा मनापासून पटतो. एक पेपर माणसाबद्दल फार थोडं सांगतो, आणि त्या दिवशी काय घडलं, आधीच्या वर्षांत काय मिळालं नाही, हे तर तो सांगतच नाही. पटतो म्हणूनच माझा आग्रह आहे, की हाच न्याय आठवीतल्या पोरालाही मिळावा.

माझ्या बी.एड.च्या मुलांकडून मला नेहमी ऐकायला मिळणारं एक वाक्य आहे आणि त्यावर थांबायला हवं. ‘मॅडम, आमच्या घरी बी काही नव्हतं. मी शिकलोच न!’ असं म्हणणारा विद्यार्थी बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात कष्टाळू असतो. स्वतःच्या घामाचा त्याला रास्त अभिमान असतो. पण त्याच अभिमानातून तो गरीब मुलाशी सगळ्यात जास्त कडक वागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गरिबी सोसून आलेल्याला गरिबी जास्त कळेल असं आपण धरून चालतो. तसं नेहमी होत नाही. तो स्वतःकडे पुरावा म्हणून पाहतो: मला जमलं, म्हणजे जमतं.

पारशिवनीकडच्या अशाच एका मुलाला मी विचारलं, तुला शाळेत कुणी मदत केली होती का? बराच वेळ ‘नाही’ म्हणाला. मग आठवलं. चौथीतल्या गुरुजींनी संध्याकाळी शाळेच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे दिली होती, कारण शाळेत बल्ब होता. दहावीला मावशीनं नागपूरला ठेवून घेतलं. मी पुढे विचारलं, पहिलीत तुझ्यासोबत किती होते आणि दहावीत किती उरले? तो बोटं मोजू लागला. उरलेले कुठे आहेत? एक कळमन्याच्या बाजारात हमाली करतो, एक बुटीबोरीला ठेकेदाराकडे आहे, एकीचं लग्न झालं. बाकीचे? ‘माहीत नाही मॅडम.’ तो पास झाला हे खरंच आहे. पण ती किल्ली एकच होती आणि ती त्याला मिळाली, हेही तितकंच खरं आहे. शिक्षक होताना त्यानं सोबत न्यावं असं काही असेल तर ती किल्ली. तो मात्र आपला घाम तेवढा घेऊन निघाला होता.

आता आमच्याकडे, म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्यांकडे वळते. ‘शैक्षणिक मागासलेपणाची कारणे सांगून उपाय सुचवा’ हा प्रश्न आम्ही पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो. उत्तराची यादी गाइडमध्ये तयार असते: शारीरिक, मानसिक, कौटुंबिक, सामाजिक, आर्थिक, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, शालेय. समाजशास्त्राचा एवढा मोठा विषय आमच्या हातात आल्यावर पाच उपशीर्षकांचा होतो. जात, भाषा, जमीन, स्थलांतर यांनी शाळा आतून कशी घडते हे सांगायचं सोडून आम्ही मुलाच्या घराची एक तक्रारवही बी.एड.च्या विद्यार्थ्यांना पाठ करायला देतो.

एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, वीस आठवडे मिळाले. फार चांगली गोष्ट झाली, असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं. पण त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापक काय शिकतात? पाठटाचण काढायला, तक्ते रंगवायला, आणि स्टाफरूमची भाषा. स्टाफरूमची भाषा सगळ्यात लवकर येते, पंधरा दिवस पुरतात. माझ्या एका विद्यार्थिनीला पाठाच्या आधी वर्गशिक्षिकेनं अगदी मायेनं सांगितलं होतं, ‘त्या शेवटच्या दोन बाकांकडे लक्ष नको देऊ बेटा, तुझा पाठ खराब होईल.’ तिनं ऐकलं. पाठ सुंदर झाला. पुढच्या दोन रांगांनी हात वर केले, तक्ता छान होता, वेळेत संपला. मागे बसून निरीक्षण करणारी मी होते. मी तिला चांगले गुण दिले. त्या दोन बाकांवर बसलेल्यांना त्या दिवशी काय कळलं, हे मी तिला विचारलं नाही. ती चूक तिची नव्हती, माझी होती.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनला जे निवेदन दिलं, त्यात शिक्षकांबद्दल एक फार नेमकी मागणी आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, प्रशिक्षित असावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मोकळेपणानं मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्यांना समजतील. तेव्हाचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि या मुलांपासून अंतर राखून राहत, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मुलं शाळेत का टिकत नाहीत याचं उत्तर शोधताना फुल्यांनी फक्त घराकडे बोट दाखवलं नाही, शिक्षकाच्या वागण्याकडेही दाखवलं. आज माझ्या वर्गात शेतकऱ्यांची, मजुरांची, दीक्षाभूमीला दरवर्षी चालत जाणाऱ्या घरांतली मुलंमुली आहेत. मागणीचा अर्धा भाग पुरा झाला. ‘समजून घेणं’ हा दुसरा अर्धा भाग जन्मानं आपोआप येत नाही. तो शिकवावा लागतो, आणि ते शिकवणं आमचं काम आहे.

समजून घेणं म्हणजे काय, हे भाषेपासून बघू. नागपूरच्या शाळेत चौथीतलं पोरगं पुस्तक वाचतं. पुस्तकात आहे, ‘मला भूक लागली आहे.’ पोरगं वाचतं, ‘मले भूक लागून राहिली.’ छात्राध्यापक निरीक्षण वहीत लिहितो: वाचन अशुद्ध, चुका दोन. मी म्हणते, थांब. या पोरानं अक्षरं ओळखली, वाक्य समजून घेतलं, आणि अर्थ न सांडता ते स्वतःच्या बोलीत आणलं. ज्याला अर्थ कळत नाही तो ‘मला’ला ‘मले’ करू शकत नाही, तो एकेक अक्षर चाचपत बसतो. जी गोष्ट वाचता येत असल्याचा पुरावा आहे, तीच आपण चूक म्हणून मोजली. प्रमाण भाषा त्याला यायला हवी, यात शंका नाही. पण ती ‘तुझं चुकलं’ म्हणून येते की ‘तू असं म्हणतोस, पुस्तक असं म्हणतं’ म्हणून येते, यावर ते पोरगं पुन्हा मोठ्यानं वाचेल की नाही हे ठरतं. ज्यांच्या घरी गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी बोलतात त्या मुलांची तर याहून लांबची वाट आहे. त्यांच्या गप्प बसण्याला आपण ‘मंद’ म्हणतो, आणि मराठीत एक शब्द बोलायला ती मनात किती पायऱ्या चढतात हे आपल्याला दिसतच नाही.

अंकांचंही तसंच. ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल ३६ लिहितं. का लिहितं? कारण त्याला तीन आधी ऐकू आला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ असं वाचायचा पर्याय दिला, तेव्हा राज्यभर किती गदारोळ झाला. त्या बदलाच्या बाजूनं असा किंवा विरोधात असा, पण त्या वादातली मुख्य गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटली: मूल ३६ लिहितं तेव्हा ते विचार करत असतं.

आता एक प्रसंग सांगते. तो माझ्या मनातून जात नाही.

व्यक्ती अभ्यास, म्हणजे एकाच मुलाचा बारकाईनं केलेला अभ्यास, हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. एका छात्राध्यापिकेनं उत्तर नागपुरातल्या एका शाळेतली सातवीची मुलगी निवडली. वही नीटनेटकी होती. नोंदी अशा: स्वभावानं आळशी. खेळाच्या तासाला बसून राहते. वर्गात वारंवार पाणी पिते आणि बाहेर जायची परवानगी मागते. हिवाळ्यात सारखी गैरहजर. हातपाय दुखतात अशी सबब सांगते. निष्कर्ष: अभ्यासात रस नाही, पालकांचं दुर्लक्ष. उपाय: समुपदेशन. मी वही वाचली आणि खाली ‘छान निरीक्षण’ असा शेरा लिहिला.

नियमाप्रमाणे घरभेट राहिली होती, म्हणून ती छात्राध्यापिका नंतर त्या घरी गेली. आईनं आधी चहा केला, इकडचं तिकडचं बोलली, मग पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल काढली. सिकलसेल. रक्ताचे रिपोर्ट, दवाखान्यात भरती झाल्याचे कागद. शाळेला का सांगितलं नाही, या प्रश्नावर आई म्हणाली, ‘पोरगी हाये न मॅडम. उद्या लग्नाच्या वेळी कोण करून घेईल?’

विदर्भात राहणाऱ्या शिक्षकाला हा आजार माहीत नसावा, ही साधी गोष्ट नाही. आदिवासी आणि काही दलित व इतर मागास समाजांमध्ये तो इथे मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर मुलाला होऊ शकतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर मरतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणून दम लागतो, म्हणून खेळाच्या तासाला बसून राहणं. थंडीनं, पाणी कमी पडल्यानं, दमल्यानं असह्य वेदना उठतात, म्हणून हिवाळ्यातली गैरहजेरी. भरपूर पाणी पीत राहा असं डॉक्टर सांगतात, आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून सारखं बाहेर जाणं. त्या वहीतली एकेक नोंद अचूक होती. डॉक्टरच्या हाती ती वही पडली असती तर त्यानं रक्त तपासायला पाठवलं असतं. आम्ही दोघींनी, मी आणि माझ्या विद्यार्थिनीनं, त्या सगळ्या नोंदींवर ‘आळशी’ हे एक लेबल चिकटवून टाकलं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तपासण्या होत आहेत. पण तपासणीचा कागद पेटीत आणि ‘आळशी’ हा शेरा हजेरीपटाच्या समासात, या दोघांची गाठ शिक्षकानंच घालून द्यायची असते. त्या मुलीला पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणं आणि न विचारता बाहेर जाऊ देणं, एवढं तरी कोणत्याही शिक्षकाला दुसऱ्या दिवसापासून करता येतं.

सगळ्याच मुलांमागे असा आजार लपलेला नसतो, हे उघड आहे. मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की ‘आळशी’, ‘ढ’, ‘मंद’, ‘रस नाही’ हे शब्द लिहिले की शोध संपतो. विशेषण लिहिलं की पुढचा प्रश्न सुचत नाही. म्हणून त्या वर्षापासून माझ्या विद्यार्थ्यांना व्यक्ती अभ्यासाच्या वहीत मुलाबद्दल एकही विशेषण लिहायची परवानगी नाही. ‘हुशार’ हासुद्धा चालत नाही. काय पाहिलं, काय ऐकलं, काय लिहून घेतलं, एवढंच.

दयेबद्दलही बोलायला हवं, कारण आमच्या मुली विशेष करून तिकडे झुकतात. गरीब घरचं, आई नसलेलं, बाप पिणारं पोरगं दिसलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग त्या त्याला प्रश्न विचारत नाहीत. ‘बिचारा, कशाला त्याला उभं करा.’ सोपं गणित देतात. चुकलं तरी ‘छान’ म्हणतात. बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाचं सगळं काम माणसं यशापयशाची कारणं कशी लावतात यावर आहे. त्यात एक निष्कर्ष असा, की मूल प्रयत्न करत नाही असं वाटलं तर शिक्षकाला राग येतो आणि त्याला जमणारच नाही असं वाटलं तर दया येते. मुलांना हे वाचता येतं. ‘आपल्याला बाई रागावत नाहीत, कारण आपल्याकडून त्यांना काही अपेक्षा नाही’ हे दहा वर्षांच्या मुलाला अचूक कळतं. मायेनं वगळलेलं मूल मायेनंच मागे पडतं. मागच्या बाकावर बसवणं आणि समोर बसवून काहीच न विचारणं, या दोन्हींचा पोरावर होणारा परिणाम सारखाच.

यावर शिक्षक मित्र मला म्हणतात, ‘मॅडम, सगळं खापर आमच्याच डोक्यावर?’ नाही. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, एकेक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, मतदारयाद्या, सर्वेक्षणं, पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराचा हिशेब. हे सगळं मूल मागे पडण्याचं कारण आहे आणि ते मोठ्यानं बोललं गेलंच पाहिजे. पण एवढं लक्षात घ्या, की ही यादी व्यवस्थेची आहे, मुलाची किंवा त्याच्या आईबापाची नाही. शिक्षक स्वतःच्या अडचणींबद्दल बोलतो तेव्हा त्याला शाळेतली कारणं स्पष्ट दिसतात. तीच नजर मुलाकडे पाहताना वापरावी, एवढंच माझं मागणं आहे.

दहावीच्या निकालाच्या दिवशी हे सगळं मोठ्या पडद्यावर दिसतं. २०२३, २०२४ आणि २०२५, सलग तीन वर्षं नागपूर विभाग राज्याच्या नऊ विभागांत शेवटी राहिला. २०२५ मध्ये कोकणाचा निकाल ९८.८२ टक्के, आपला ९०.७८. त्या संध्याकाळी आपल्याकडच्या गप्पा ऐका. ‘आपले पोट्टेच आळशी.’ ‘ऊन किती तापते, डोकं कुठून चालणार.’ ‘आईबापांना पडलेलीच नाही.’ म्हणजे वर्गातली चिठ्ठी आता अख्ख्या प्रदेशावर चिकटवली जाते. सहा जिल्ह्यांचा हा विभाग, गडचिरोलीच्या जंगलातल्या आश्रमशाळेपासून धरमपेठेतल्या शाळेपर्यंत पसरलेला. त्या सगळ्यांचं मिळून एक सरासरी आणि त्या सरासरीला एक स्वभाव, हा विचार जितका सोपा तितकाच निरुपयोगी. कोणत्या शाळेत, कोणत्या विषयात, कोणत्या प्रश्नाला मुलं अडली, हे कुणी विचारत नाही. कापूस वेचणीच्या आठवड्यांत हजेरीपटावर काय दिसतं, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली मुलं परत आली तेव्हा वर्ग कुठवर गेला होता, हेही नाही.

आणि आता पाचवी-आठवीला पुन्हा नापास करता येतं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना ती मुभा दिली, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ती स्वीकारली. कायद्यात एक चांगली अट आहे: नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. नागपुरात हे दोन महिने कोणते असतात? मे आणि जून. पारा पंचेचाळीसच्या पुढे, शाळेला कुलूप, पत्रे तापलेले, शिक्षक गावी. म्हणूनच तर विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जादा शिकवणार कोण, कुठे, आणि काय? ‘काय’ हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूल कुठे अडलं हे वर्षभर कुणी लिहून ठेवलं नसेल, तर त्या दोन महिन्यांत सगळं पुस्तक पुन्हा वाचून दाखवण्याखेरीज दुसरं होणार काय? आणि तरीही ते नापास झालं, तर तोंडावर उत्तर तयार आहे: संधी दिली होती, त्यानं घेतली नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वीस आठवड्यांच्या आंतरवासितेतले सहा आठवडे एका मुलासाठी द्यावेत. पाठांची संख्या त्यासाठी कमी करावी लागली तर करावी. एक मूल, एक विषय. त्याच्या चुका जमवायच्या आणि प्रत्येक चुकीपुढे एकच प्रश्न विचारायचा, ‘हे कसं केलंस, मला सांग.’ त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं. गुण द्यायचे ते या वहीला. त्या मुलाचे मार्क वाढले की नाही यावर नाही, छात्राध्यापकाला त्याचा विचार कळला की नाही यावर. विद्यापीठानं, एनसीटीईनं नियम बदलायची वाट पाहायलाही नको. वेळापत्रक आमच्याच हातात असतं.

मी हे माझ्या तुकडीपुरतं सुरू केलं आहे. मगाशी सांगितलेला तो पारशिवनीचा मुलगा, ज्याला किल्ली मिळाली होती, त्याच्या वहीतलं एक पान माझ्यासमोर आहे. शाळेतल्या बाईंनी ज्या पोराबद्दल त्याला पहिल्याच दिवशी ‘याचं काही होणार नाही’ असं सांगितलं होतं, त्याच्याबद्दलचं.

‘५२ − २७ = ३५. ६३ − २८ = ४५. ४० − १६ = ३६. तिन्ही चूक, पण एकाच रीतीनं. विचारलं. म्हणाला, दोनातून सात जात नाही, म्हणून सातातून दोन काढले. बाईंनी सांगितलं होतं, लहान संख्या मोठीतून काढायची. म्हणजे तो बाईंचं ऐकून राहिला. उद्या काड्यांचे गठ्ठे घेऊन जायचे. दहाचा गठ्ठा त्याच्या हातानं सोडवू द्यायचा, मी सोडवायचा नाही.’